लेथवर रीमर मारताना भोकाचं तोंड मोठं होतंय, सकाळी माल ओके आणि दुपारनंतर रिजेक्ट

हे लिहायचं कारण म्हणजे ह्या एका भानगडीनं माझे चार महिने खाल्लेत. दर दोन-तीन आठवड्यांनी तीच तक्रार, दर वेळी आम्ही काहीतरी बदलायचो, दोन दिवस बरं चालायचं आणि परत जैसे थे. ज्यांच्याकडं साधी लेथ आहे आणि टेलस्टॉकमधनं (चकच्या समोरचा, हत्यार धरणारा भाग) रीमर (पाडलेलं भोक नेमक्या मापाला आणणारं धारांचं हत्यार) मारतात त्या सगळ्यांना कधी ना कधी हे होतंच, म्हणून जरा इस्कटून सांगतो.

आमचा गाळा कोल्हापूरच्या उद्यमनगरात. जॉब साधा आहे, बिडाचा (ओतीव लोखंडाचा) रोलर, बाहेरून ४५ एमएम, लांबी ३८, मधे १६ एच ७ चं आरपार भोक. एच ७ म्हणजे १६.००० ते १६.०१८, म्हणजे आपल्या हातात अठरा मायक्रॉन. पार्टी शिरोली एमआयडीसीतली, त्यांचा क्वालिटीवाला प्लग गेज (एका टोकाला लहानात लहान मापाचा गो, दुसऱ्याला मोठ्यात मोठ्या मापाचा नो-गो) घेऊन बसतो, गो गेलं पाहिजे, नो-गो जाता कामा नये. आणि आमचं काय व्हायचं, तर नो-गो पूर्ण जायचं नाही, पण तोंडाशी तीन-चार एमएम आत शिरायचं आणि मग अडकायचं. म्हणजे आतलं माप बरोबर आणि तोंड मोठं, कर्ण्यासारखं. बोअर डायल (भोकाचं आतलं माप घेणारं घड्याळ) लावून बघितलं तर आत १६.०१० आणि तोंडाशी १६.०३०. तीनशेच्या लॉटमधले चाळीसेक पीस परत आले, टेम्पोभाडं आमच्याच बोकांडी.

आधी आम्ही काय काय बदललं ते सांगतो म्हणजे तुमचा तरी वेळ वाचेल. पहिल्यांदा रीमर बदलला. नवा रीमर आणला, दोन दिवस माल ओके, आम्ही खूश, तिसऱ्या दिवशी दुपारी परत तोंड मोठं. मग म्हटलं पोरगं घाईघाईनं मारतंय, त्याला शिव्या घातल्या, स्वतः उभा राहून वीस पीस काढले, सगळे पास! (नंतर कळलं की मी सकाळी नऊ वाजता उभा होतो, त्यामुळं पास. पोराची माफी मागितली, चहा पण पाजला.) मग कुणीतरी म्हटलं गरम जॉब मोजताय म्हणून फरक येतोय. तसं नाही. बीड वीस अंशांनी तापलं तरी १६ च्या भोकात साडेतीन मायक्रॉनचा फरक पडतो, आणि तो तोंडाला वेगळा आणि आत वेगळा पडत नाही. मग स्पीड कमी केला, मग रॉकेल लावून बघितलं, मग कोरडं. फिनिश सुधारलं, तोंड तेवढंच.

आता मूळ गोष्ट. ड्रिलिंग मशीनवर रीमर फिरतो आणि जॉब गप असतो. लेथवर उलटं, जॉब फिरतो आणि रीमर टेलस्टॉकमधे गप उभा. त्यामुळं रीमर स्पिंडलच्या (जॉब फिरवणाऱ्या दांड्याच्या) मध्यापासून जरा जरी बाजूला किंवा खाली असला तरी तो भोकात शिरताना वाकडा शिरतो आणि फिरणारा जॉब त्याच्यावर घासून तोंड मोठं करून घेतो. तीन-चार एमएम आत गेल्यावर रीमरच्या सगळ्या धारांना आधार मिळतो, शँक (रीमरची मागची दांडी) थोडा लवतो आणि तो मुकाट भोकाच्या मागनं चालायला लागतो, म्हणून आतलं माप बरोबर. म्हणजे तोंड मोठं आणि आत बरोबर असं दिसलं की रीमरच्या मापावर संशय घेऊ नका, तो कुठं आणि कसा धरलाय ते बघा. सगळंच भोक एकसारखं मोठं येत असेल तर गोष्ट वेगळी, तिथं धारेवर माल चिकटणं, रीमर नवा आणि वरच्या मापाचा असणं, स्पीड जास्त, हे सगळं येतं.

आमचा रीमर टेपर शँकचा, १६ ला मोर्स २ (टेपरचा ठरलेला नंबर) येतो, आणि टेलस्टॉक मोर्स ४, म्हणजे मधे स्लीव्ह (जोडनळी). ह्या स्लीव्ह म्हणजे आमच्याकडच्या कपाटातल्या अशा की काहींवर ड्रिफ्ट (काढायची पाचर) ठोकून ठोकून आतनं फुगवटे आलेत, वरनं कुणी कधी पुसलं नाही. एक सोपी टेस्ट करा, फुकटची आहे. रीमर स्लीव्हसकट काढा, अर्धा फेरा फिरवून परत बसवा आणि पाच पीस काढा. टेलस्टॉकच्या बाजूनं जॉबकडं बघत डायल (सुईनं फरक दाखवणारं घड्याळ) रीमरच्या टोकावर लावून किती आणि कुठल्या बाजूला जातंय ते आधी लिहून ठेवा. अर्धा फेरा फिरवल्यावर चूक पण उलट्या बाजूला गेली तर स्लीव्ह नाहीतर रीमरचा शँक वाकडा. चूक जागेवरच राहिली तर टेलस्टॉक. आमच्यात दोन्ही होतं, पण स्लीव्हचं थोडकं, एक शतांशाच्या (०.०१ एमएम) आतबाहेर. स्लीव्ह आतनं निळं लावून बघितली, दोन जागी उंच लागत होती, ऑईलस्टोननं उतरवली आणि तो विषय मिटला. राहिला टेलस्टॉक.

टेलस्टॉक आडवा म्हणजे पुढं-मागं करायला बाजूचे दोन स्क्रू असतात, ते सगळ्यांना माहीत आहे, आणि टेपर टर्निंग केल्यावर ते परत मध्याला आणायचे राहून जातात हेही सगळ्यांना माहीत आहे. आम्ही तेच दर वेळी सेट करायचो. टेस्ट बार (नेमका सरळ दांडा) लावायचा, सॅडलवर (बेडवर सरकणाऱ्या भागावर) डायल, पुढची बाजू बघायची, शून्य शून्य, झालं. वर-खाली कुणी बघितलंच नाही. कारण वर-खाली करायला स्क्रूच नाही ना, जिथं स्क्रू नाही तिथं चूक असेल असं वाटतच नाही माणसाला.

वर-खाली बघायचं तर डायल चकमधे धरून टेस्ट बारभोवती हातानं फिरवायचा. मोर्स टेपरचा बार टेलस्टॉकमधे, लिव्हर डायल चकला बांधलेल्या दांडीवर, चक हातानं फिरवा आणि वर, खाली, पुढं, मागं अशी चार रीडिंग घ्या. खालच्या बाजूला सुई जास्त दाबली गेली तर बार खाली आहे. आणि जो फरक येतो त्याच्या निम्मं खरं अंतर, हे विसरू नका, मी विसरलो होतो आणि दुप्पट शिम (उंची वाढवायची पातळ पत्री) घातली होती.

इथंच अजून एक फसवणूक आहे. डायलची दांडी लांब असेल तर तिच्या स्वतःच्याच वजनानं ती लवते. डायल वर असताना बाराकडं लवते, खाली असताना बारापासनं लांब जाते, आणि तुम्हाला वाटतं टेलस्टॉकच वर-खाली आहे. ते तपासायला चकमधे एक जाड सरळ दांडा धरा, डायलची दांडी त्याच दांड्यावर बांधा आणि सुई त्याच दांड्यावर थोडं पुढं टेकवा, म्हणजे दोघं एकत्रच फिरतात. आता चक अर्धा फेरा फिरवा, जे रीडिंग बदलेल ते फक्त दांडीचं लवणं. आमचं तीन शतांश निघालं! म्हणजे ते न वजा करता जो शिम घालेल तो चांगला टेलस्टॉक बिघडवेल. दांडी आखूड आणि जाड केली, लवणं एका शतांशाच्या खाली आलं, मग पुढचं मोजलं.

सकाळी साडेआठला, मशीन चालू करायच्या आधी, वर आणि खाली मधे ०.०६ चा फरक, म्हणजे टेलस्टॉक ०.०३ खाली. ह्यात नवल नाही, मशीन जुनी आहे, टेलस्टॉकचा पाया बेडवर घासत घासत झिजतो आणि बसतो. खरं नवल दुपारी तीनला. सहज म्हणून परत बार लावला तर फरक ०.११. म्हणजे सकाळपासनं टेलस्टॉक अडीच शतांश अजून खाली गेला? तो तर जागचा हललाच नव्हता.

शेजारच्या गाळ्यातले मेस्त्री, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो, ते तंबाखू मळत बघत उभे होते. म्हटले, "टेलस्टॉक खाली नाही गेला, तुझं हेडस्टॉक वर आलंय. हात लावून बघ की." हेडस्टॉकवर (स्पिंडल ज्यात बसतो तो डबा) हात ठेवला तर चांगलंच कोमट. आतलं तेल, गिअर, बेअरिंग दिवसभर फिरून तापतं, बीड फुगतं आणि स्पिंडल वर उचलला जातो. हिशोब पण बसतो: आमच्या मशीनची सेंटर हाईट (बेडपासून स्पिंडलच्या मध्याची उंची) २२० एमएमच्या आसपास, बीड एका अंशाला मीटरमागं ११ मायक्रॉन वाढतं, म्हणजे हेडस्टॉक टेलस्टॉकपेक्षा दहा अंश जास्त तापलं की स्पिंडल २४ मायक्रॉन वर. गाळ्यातली हवा तापली तर दोन्ही सारखेच वाढतात, त्यानं काय होत नाही, पण हेडस्टॉक एकटंच तापतं तिथं फरक पडतो. सकाळचे पीस पास आणि दुपारचे नापास ह्याचं कोडं तिथं सुटलं. सकाळी ०.०३ च्या चुकीला रीमरचा शँक कसाबसा लवून सांभाळून घेत होता, दुपारी साडेपाच शतांश झाल्यावर त्याला जमेना.

मग शिम. टेलस्टॉक दोन भागांचा असतो, वरचं बॉडी आणि खालचा पाया, मधे शिम घालून वरचं बॉडी उचलायचं. दोन्ही टोकांना सारखी शिम घाला, नाहीतर बॅरल (टेलस्टॉकची बाहेर सरकणारी नळी) तोंड वर करून बसेल आणि बॅरल जेवढं बाहेर काढाल तेवढी चूक वाढेल. आम्ही पितळी शिम घालून थंड मशीनवर टेलस्टॉक दीड शतांश वर ठेवला. म्हणजे सकाळी थोडा वर, दुपारी हेडस्टॉक उचलल्यावर थोडा खाली, मधे कुठंतरी बरोबर. नव्या लेथचा टेलस्टॉक सुद्धा मुद्दाम किंचित वर ठेवून देतात, तो झिजून खाली येणार हे धरूनच. आणि एक, टेलस्टॉकचा क्लॅम्प दर वेळी सारख्याच जोरानं आवळा. आमचं पोरगं कधी एका हातानं तर कधी पाइप घालून आवळायचं, त्यानं रीडिंग एक-दीड शतांश हलत होतं, डोळ्यांनी बघितलंय.

एवढं करून प्रॉब्लेम कमी झाला, संपला नाही. कारण एवढ्या जुन्या मशीनवर टेलस्टॉक दिवसभर एक शतांशाच्या आत धरून ठेवणं हे आमच्यानं होणार नाही, दर दोन तासांनी शिम कोण बदलणार. तेव्हा रीमर धरायची पद्धतच बदलली.

मामांचं म्हणणं सुरुवातीपासनं हेच होतं, "आरं, तू त्याला एवढा आवळून धरलायस, मग त्यो भोकाचं ऐकल कसा?" त्यांची जुनी पद्धत अशी: समांतर शँकचा रीमर घ्यायचा, त्याच्या मागच्या टोकाला सेंटरचं भोक असतंच, त्यात टेलस्टॉकचं डेड सेंटर (न फिरणारं टोकदार सेंटर) टेकवायचं, शँकला कॅरिअर (शेपटी असलेला क्लॅम्प) आवळायचा आणि कॅरिअरची शेपटी पुढच्या बाजूला कंपाऊंडवर (टूल बसवायच्या स्लाइडवर) ठेवलेल्या सपाट पट्टीवर टेकवायची. चक सरळ फिरताना जॉबची पुढची बाजू खाली जाते, त्यामुळं शेपटी पट्टीवर दाबली जाते आणि रीमर फिरत नाही. टेलस्टॉकनं ढकलत जायचं, शेपटी पट्टीवरनं सरकत जाते. रीमर मागं एका बिंदूवर टेकलेला, पुढं भोकात, मधे मोकळा, त्यामुळं बराचसा स्वतःच्या मार्गानं जातो.

पद्धत चांगली आहे पण एक धोका आहे तो आधी सांगतो. टेलस्टॉकचा दाब एक क्षण जरी सुटला आणि रीमरनं पकडलं तर तो सेंटरवरनं निसटतो आणि कॅरिअरसकट फिरतो. बोटं तिथं असली तर काय होईल ते सांगायला नको. शेपटीला हात लावून धरायची पद्धत जुन्या लोकांत आहे, ती करू नका. बाहेर काढताना पण पंचाईत, टेलस्टॉक मागं घेतला की रीमर भोकातच राहतो आणि मग लोक चालू मशीनवर हातानं ओढतात. आम्ही मशीन बंद करतो, थांबू देतो, मग हातानं रीमर कापायच्या दिशेनंच जरा फिरवत बाहेर घेतो. उलटा फिरवायचा नाही कधीच, बुरा धार आणि भोकाच्या मधे अडकतो आणि धारेचा तुकडा पडतो.

सेंटरवर सुद्धा मागचं टोक टेलस्टॉकच्या मध्यालाच बांधलेलं राहतं हे खरं. रायफलच्या नळीचा चेंबर रीमिंग करणारे लोक ह्याच्या पुढं गेलेत. तिथं चेंबरचं मागचं तोंड मोठं झालं तर काडतुसाचं पितळ फुगतं, त्यामुळं त्यांची ह्या विषयावर डोकेफोड आपल्यापेक्षा जुनी. ते सेंटरच्या ऐवजी सपाट तोंडाचा पुशर लावतात, म्हणजे टेलस्टॉकमधे एक सपाट चकती, ती रीमरच्या मागच्या टोकाला फक्त ढकलते, वर-खाली-बाजूला कुठंही सरकू देते. (ते काम आपल्याकडं लायसन असल्याशिवाय करायचं नाही, पण पकड शिकायला काय हरकत आहे.) पण एक फरक आहे आणि तो मला पहिल्या दिवशी कळला नाही. त्यांच्या रीमरला पुढं पायलट असतो, तो नळीच्या आधीच झालेल्या भोकात घट्ट सरकतो आणि रीमरला रस्ता दाखवतो. आपल्या साध्या रीमरला पायलट नाही. मी सपाट पुशर करून लावला, आणि रीमर स्वतःच्या वजनानं खाली लोंबला, शिरतानाच तिरका शिरला, तोंड आधीपेक्षा वाईट!

विकतच्या फ्लोटिंग होल्डरचं (रीमरला थोडं हलू देणारा) पण तेच दुखणं असतं. मित्राकडनं एक आणून बघितला. उभ्या मशीनवर फ्लोटिंग होल्डर झकास, पण लेथ आडवी, फ्लोट जेवढा जास्त तेवढा रीमर जास्त लोंबतो. घेणार असाल तर स्प्रिंगनं रीमरला मध्याला परत आणणारा घ्या, फ्लोट ॲडजस्ट होणारा घ्या, आणि नुसता तिरका होणारा घेऊ नका, समांतर सरकणारा पाहिजे. नुसता तिरका होणारा होल्डर मधला सांधा टेलस्टॉकच्या मध्यालाच ठेवतो, मग टेलस्टॉक खाली असेल तर रीमर तिरकाच उभा राहणार. आणि ड्रिल चकमधे रीमर धरणाऱ्यांना माझा नमस्कार, त्यावर बोलत नाही.

तर आता आम्ही काय करतो. ड्रिल १५, मग बोअरिंग टूलनं १५.८०, आणि त्याच सेटिंगमधे तोंडाशी तीन एमएम लांब १५.९८ पर्यंत. हे बोअरिंगच खरं काम करतं. सिंगल पॉइंट टूल टेलस्टॉकवर नसतं, सॅडलवर असतं, त्यामुळं भोक स्पिंडलच्या मध्यालाच होतं, टेलस्टॉक कुठंही असो. आधी आम्ही १५.७५ चं ड्रिल मारून थेट रीमर घालायचो, आणि ते ड्रिल पण त्याच खाली बसलेल्या टेलस्टॉकमधनं, म्हणजे भोक आधीच वाकडं, आणि रीमर वाकडं भोक सरळ करत नाही, त्याच्या मागनं जातो. तोंडाशी केलेलं १५.९८ हे रीमरचा पायलट समजा, रीमर त्यात अलगद टेकतो, सरळ शिरतो, लोंबायला जागाच नाही. मग सपाट पुशर आणि कॅरिअर. स्पीड १४० आरपीएम, फीड पाऊण मिनिटात पूर्ण ३८ एमएम. आमच्या टेलस्टॉकच्या चाकाला एक फेरा पाच एमएम आहे, म्हणजे साडेसात फेरे, एका लयीत. हळूहळू कुरवाळत गेलात तर रीमर कापत नाही, घासतो, आणि खरखर आवाज येऊन भोकात पट्टे पडतात. बीड कोरडंच, दर पीसनंतर रीमर ब्रशनं साफ.

पार्टीला बोअरिंगचे जादा पैसे मागितले तर "एका भोकाला तीन ऑपरेशन कशाला" म्हटले. मी परत आलेले चाळीस पीस टेबलावर ठेवले. अर्धी रक्कम वाढवून दिली, म्हटलं ठीक आहे.

गेल्या सहा आठवड्यांत तोंडावरनं एकही पीस परत आलेला नाही. दोन आले, पण ते फेसिंगला डाग होता म्हणून. दुपारी तीनला बार लावून बघायची सवय मात्र ठेवलीय, आणि परवा बघितलं तर एकाच्या जागी टेलस्टॉक अडीच शतांश खाली दाखवत होता, कशामुळं ते रविवारी उघडून बघतो.